थोरलं लायसन, धाकटं लायसन

मंडळी, किस्सा कधी एकटा राहत नाही, एवढे मी लोककथा गोळा करता करता शिकलो आहे. एकाने सांगितला की शेजारचा अस्वस्थ होतो. त्याचा किस्सा पहिल्यापेक्षा वीतभर तरी लांब असावाच लागतो. तिसरा सांगू लागला की पहिल्याला आपला तोकडा वाटतो, आणि तो नवे तपशील जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो! अशा रीतीने एका बाकड्यावर वर्षभरात एक मोठे गाठोडे जमते. माझ्यापाशी असे एक गाठोडे आहे. ते सोडताना आता पूर्वीसारखे हसू येत नाही, तरी सोडतो.

उचगावच्या कडेला, हायवेला लागून, एका ट्रान्सपोर्टची पत्र्याची शेड आहे. ट्रकच्या मागे रंगवलेली वाक्ये उतरवून घ्यायला मी तिथे गेलो, आणि वाक्यांपेक्षा ती रंगवून घेणारी माणसेच अधिक वाचनीय निघाली. बाकड्यावरचे मानकरी तीन. पांडुरंग चौगुले, म्हणजे तात्या, बोलण्यात फटकळ. दस्तगीरचाचा, सगळ्यांत वडील, चहा संपल्याशिवाय तोंड न उघडणारे. आणि संपत कांबळे. चाळिशीचा, बारावी झालेला, दुसऱ्यांचे अर्ज वाचून समजावून सांगणारा. तिघेही ड्रायव्हर. आत कॉम्प्युटरसमोर शैलाताई बसत. परवाने, विमा, गाडीचे पासिंग, सगळे कागद त्यांच्या हातून जात. मला सगळे ‘सर’ म्हणत, आणि बाकड्याचे एक टोक हळूहळू माझे झाले.

*

पहिल्याच आठवड्यात तात्यांनी खिशातून दोन ड्रायव्हिंग लायसन्स काढून मांडीवर पत्त्यांसारखी पसरली. एक कोल्हापूरचे, दुसरे सीमेपलीकडचे, कर्नाटकातले.

“हे थोरलं, हे धाकटं,” ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या मास्तरी पद्धतीने समजावले, की कायद्याप्रमाणे एका माणसाला एकाच वेळी एकच परवाना बाळगता येतो. परराज्यातला असला तरी दुसरा तो दुसराच.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “नियम झ्याक हाय, सर. पर नियम करणाऱ्यास्नी एकच राज्य पुरतंय. आमी न्याहारी महाराष्ट्रात करतोय आन् जेवान कर्नाटकात!”

दोन परवान्यांची रीत अशी होती: वाटेत कुणी परवाना जप्त करू लागला, तर धाकटा पुढे करायचा आणि थोरल्यावर गाडी घरी आणायची. मी वहीत लिहिले, ‘लोककथेत शेवटी धाकटा जिंकतो, इथे मात्र धाकट्याला पुढे करून थोरला सुखाने घरी राहतो.’ ते वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झालो होतो. परवाना जप्त का होतो, आणि तरीही तो ड्रायव्हर गाडी चालवत राहिला तर त्याच्यासमोर रस्ता ओलांडणाऱ्याचे काय, हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही. हसणाऱ्याला असे प्रश्न सुचत नाहीत.

*

तात्यांची शिस्त कडक होती. डावा खिसा महाराष्ट्र, उजवा खिसा कर्नाटक. पण एका दिवाळीत सासुरवाडीहून नवा शर्ट आला, आणि त्याला खिसा एकच!

सीमेच्या पुढे गाडी अडवली. तात्यांनी खिशात हात घातला, तर दोन्ही परवाने एकमेकांना चिकटून बाहेर आले. हवालदाराने ते नखाने वेगळे केले.

“हे दोन कशाला री?”

“एक माझं, एक भावाचं, साहेब.”

“फोटो एकच हाय की!”

“जुळं हाय न्हवं आमी!”

“आणि नाव? दोघांचंबी पांडुरंग?”

तात्या क्षणभर थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आमची परिस्थिती लई गरिबीची, साहेब. दोन नावं परवडली न्हाईत!”

हवालदार इतका हसला, की त्याला टोपी काढून बाजूला ठेवावी लागली. आणि हसता हसताच त्याने दोन्ही परवाने जप्त केले! तात्या आपल्याच ट्रकमध्ये पाहुण्यासारखे बसून परत आले. गाडी त्या फेरीला सोबत असलेल्या चाचांनी आणली. वाटेत चाचा एकदाच बोलले म्हणे: “पावणं, काच वर करा, वारं लागतंय.”

*

चाचांच्या किश्श्याला अपघाताची कड आहे. एका वळणावर, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्यांना उशिरा दिसली. ट्रक नाल्यात गेला. पाय मोडला, रक्त बरेच गेले. पाठोपाठच्या गाडीवर संपत होता. त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले.

नर्सने चाचांच्या खिशातून दोन परवाने काढले. त्या काळी अर्जावरचा रक्तगट अनेकदा भरून देणाऱ्याच्या मनाने ठरत असे. कोल्हापूरच्या परवान्यावर ‘ओ’ होता आणि कर्नाटकच्या परवान्यावर ‘बी’. नर्सने दोन्ही समोर धरले आणि संपतला विचारले,

“पेशंट एकच आहे ना?”

रीतसर तपासणी झाली. रक्त निघाले ‘ए’!

पुढे पायाला प्लास्टर घालून चाचा बाकड्यावर आले, तेव्हा चहा संपवून म्हणाले, “लायसन दोन्ही लबाड निघाली. रगत तेवढं खरं बोललं!” शेड हसण्याने दणाणली. मीही हसलो, आणि वहीत लिहून घेतले. एकटा संपत हसला नाही.

“चाचा,” तो म्हणाला, “तपासाय येळ घावला म्हणून हसाय लागलायसा.”

चाचांनी प्लास्टरचा पाय बाकड्याखाली ओढून घेतला. माझ्या वहीत मात्र ते वाक्य नाही. किस्सा ‘खरं बोललं’पाशीच संपतो, असे मला वाटले होते.

*

मग देशभरचे परवाने एकाच कॉम्प्युटरात दिसू लागले. शैलाताईंनी तात्यांचा नूतनीकरणाचा अर्ज भरायला घेतला आणि पडद्यावर तात्यांचे दोन फोटो शेजारी शेजारी उभे राहिले.

“तात्या, आता एकाला सोडावं लागंल,” ताई म्हणाल्या. “त्याशिवाय दुसरं हालत न्हाई.”

“आगं, इतकी वर्सं संसार केलाय दोघांबरबर!”

“मग ठेवा दोन्ही, आन् घरी बसा.”

दुसऱ्या दिवशी तात्या आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. दंड भरून सोडवून आणलेल्या धाकट्या परवान्याला त्यांनी हळद-कुंकू लावले, कपाळी टेकवला, आणि शैलाताईंच्या हाती दिला. ताईंनी आधी ओल्या फडक्याने हळद पुसली. सरकारी कागद होता तो! एक विधी डोळ्यांदेखत जन्माला येताना पाहण्याचे भाग्य अभ्यासकाला सहसा लाभत नाही. मी फोटो काढला.

अर्जात एक रकाना होता: परवाना परत करण्याचे कारण. ताईंनी विचारले, “काय लिहू?”

तात्या म्हणाले, “लिवा, दोघांचं पटत नव्हतं!”

*

आता संपतबद्दल. खरे तर इथेच थांबावे असे वाटते.

संपत गाडी शिकला तो सीमेपलीकडे, मामांच्या गावी. पहिला परवाना तिथला. लग्नानंतर उचगावात घर केले, तेव्हा इथे दुसरा काढला आणि पहिल्याचा उल्लेख केला नाही. त्यात डावपेच नव्हता. सगळे तसेच करत, म्हणून त्यानेही केले. चाचांच्या अपघातानंतर मात्र मामांच्या गावचा परवाना, बाकड्याच्या हिशेबात सीमेपलीकडचा म्हणून धाकटा, त्याला खिशात टोचू लागला.

एका रसायन कंपनीत टँकरवर जागा निघाली. धोकादायक माल वाहण्याचे प्रशिक्षण त्याने घेतले होते, तशी नोंदही कोल्हापूरच्या परवान्यावर होती. या नोकरीत सकाळी निघायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. तोवर त्याच्या फेऱ्या पंधरा-पंधरा दिवसांच्या असत.

“सर, पोरगी नववीत हाय,” त्याने मला सांगितले. “परवा दारात उभा ऱ्हायलो, तर आत वरडून म्हणती, ‘आई, पावणं आल्यात!’ चेष्टा केली तिनं. पर मला काय हसू आलं न्हाई.”

शैलाताईंनी त्याला मार्ग सांगितला: मामांच्या गावचा परवाना परत करायचा, तो रद्द झाल्याचा कागद घ्यायचा, आणि मग कंपनीचा अर्ज भरायचा. संपतने परवाना परत केला. पण रद्द झाल्याचा कागद येईना, आणि कंपनीची मुदत सोमवारी संपत होती. अर्जात एक ओळ होती: ‘माझ्याकडे एकापेक्षा अधिक परवाने नाहीत.’ संपतने खिसा चाचपला. एकच होता.

“हातात एकच हाय की, ताई!” तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

जन्मभर ज्या माणसाने परवाना खिशात मोजला, तो कॉम्प्युटरातला कसा मोजणार? ताईंनी नकारार्थी मान हलवली. पण कागद आज ना उद्या येणारच होता.

*

त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या एका सभागृहात माझे व्याख्यान होते. विषय, रस्त्यावरची मौखिक परंपरा. मी तात्यांचे जुळे सांगितले, चाचांचे रक्त सांगितले. टाळ्या वाढत गेल्या आणि मीही वाढत गेलो. शेवटी, परंपरा अगदी वर्तमानातही कशी जिवंत आहे हे दाखवण्यासाठी म्हणालो, “आमचे उचगावचे संपत कांबळे, वय बेचाळीस, यांच्याकडेही दोन परवाने! पण यांचे धाकटे अपत्य मामांच्या घरी वाढले बरे का!”

सभागृह हसले.

नाव, गाव, वय. सांगणाऱ्याचे हे तीन तपशील दिल्याशिवाय किस्सा शास्त्रशुद्ध होत नाही, असे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो.

व्याख्यानानंतर एक नीटनेटके गृहस्थ भेटायला आले. माझा लेख असलेला वार्षिक अंक त्यांनी दारातल्या टेबलावरून विकत घेतला होता. त्यावर माझी सही मागितली. मी केली.

“फार छान बोललात,” ते म्हणाले. “ते संपत कांबळे म्हणजे, उचगावच्या शेडमधले का?”

“तेच!” मी अभिमानाने म्हणालो. “उत्तम निवेदक आहेत. तुम्ही ओळखता?”

“ओळख होणार होती,” ते म्हणाले.

त्या वाक्यातला काळ मला तेव्हा खटकायला हवा होता.

*

ते गृहस्थ त्याच रसायन कंपनीचे सुरक्षा अधिकारी होते. संपतचा अर्ज परत आला. शेरा होता, ‘खोटी माहिती’. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मामांच्या गावचा परवाना रद्द झाल्याचा कागद आला. शैलाताईंनी तो फाइलला लावला. दुसरे काय करणार?

मी शेडवर गेलो. बाकड्यावरची माझी जागा रिकामी होती, पण मी उभाच राहिलो. घडले ते सगळे सांगितले, माफी मागितली.

मग तात्या, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “सर, इतकी वर्सं आमी पोलिसास्नी काय सांगितलं न्हाई. तुमास्नी सांगितलं. तवा चूक आमचीबी हायच की.”

संपत टायरला पाठ टेकून बसला होता. त्याने विचारले,

“नाव न्हाई टाकलं तर काय व्हतंय, सर?”

“पुरावा राहत नाही, संपतराव.”

“आमी कुठं कोर्टात उभं ऱ्हायलोतो?”

चाचांनी चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. स्वतःचा त्यांनी अर्धा तसाच सोडला होता.

*

मी कंपनीत गेलो. ते अधिकारी उठून उभे राहिले, खुर्ची दिली. मी त्यांना संपतची हकीकत सांगितली. खिसा चाचपून केलेली सही सांगितली. परवाना रद्द झाल्याचा कागद पुढे ठेवला.

“सर, दोन परवान्यांचं मला नवल नाही,” ते म्हणाले. “या भागात सर्रास सापडतात. ज्याने अर्जात तसे सांगितले, त्याला आम्ही थांबायला मुदतही दिली. पण ‘एकच आहे’ अशी सही करणाऱ्याच्या हाती मी रसायनाचा टँकर कसा देऊ? वाटेत गावं आहेत.”

बोलणे सरळ होते. त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. म्हणून मी जन्मात न केलेली गोष्ट केली.

“हे पाहा,” मी म्हणालो, “किश्श्यात नाव कुणाचेही घालतात. रंगत यावी म्हणून. मी सांगितले ते शब्दशः खरे धरू नका. परंपराच तशी आहे.”

उभ्या आयुष्यात ज्या तत्त्वाविरुद्ध मी लिहीत आलो, ते मी एका दमात बोलून टाकले! अधिकाऱ्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. बहुधा कीव होती. त्यांनी खणातून वार्षिक अंक काढला, माझी सही असलेले पान उलटले आणि लेखाच्या शेवटच्या तळटिपेवर बोट ठेवले. ‘निवेदक: संपत कांबळे, उचगाव. दोन्ही परवाने लेखकाने प्रत्यक्ष पाहिले आहेत.’

“इतकी काटेकोर टीप मी आमच्या सुरक्षा अहवालातही पाहिली नाही,” ते म्हणाले.

*

त्यानंतर काही महिने मी उचगावला गेलो नाही. संपत चेन्नईच्या फेऱ्यांवर लागल्याचे शैलाताईंनी फोनवर सांगितले. आता पंधरा दिवसांचे अठरा होतात, म्हणाल्या. मुलगी दहावीत गेली, हेही त्यांच्याकडूनच कळले.

मग एका दुपारी गेलो. तात्या गाडीवर होते, चाचा झोपले होते. बाकड्यावर संपत होता, आणि त्याच्या शेजारी साताऱ्याकडचा एक अनोळखी ड्रायव्हर, माल भरायची वाट पाहत बसलेला. संपतने मला पाहिले. मान किंचित हलवली, आणि बाकड्यावरची आपली बॅग उचलून खाली ठेवली. मी चहाचा ग्लास घेऊन टोकाला बसलो. तो काहीतरी सांगत होता; माझ्या येण्याने तो थांबला नाही.

“...तर उचगावात एक ड्रायव्हर व्हता,” तो सांगत होता, “आन् एक मास्तर व्हता. मास्तर लई भला माणूस. कुणी शिंकलं तरी वहीत लिवायचा!”

सातारकर हसला. संपतने सगळा किस्सा सांगितला. त्यात दोन परवाने होते, सोमवार होता, चाचपलेला खिसा होता, सभागृह होते, सही होती. कंपनीतल्या तळटिपेपर्यंत सगळे होते. ते त्याला कुणी सांगितले, मला माहीत नाही. रचना निर्दोष होती. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, हे तो माझ्यापेक्षा चांगले जाणत होता. “वाटेत गावं हायत” हे अधिकाऱ्यांचे वाक्य त्याने गाळले नाही; उलट सावकाश, वजन देऊन सांगितले. ड्रायव्हरचे नाव मात्र एकदाही आले नाही.

सातारकर मांडी थोपटून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “आयला! घालवली की बिचाऱ्याची नोकरी! कोण ओ त्यो मास्तर? नाव काय त्याचं?”

मी हातातल्या ग्लासाकडे पाहत राहिलो.

संपतने आपला चहा संपवला, ग्लास बाकड्याखाली ठेवला आणि म्हणाला,

“नाव न्हाई घ्यायचं, पावणं. उद्या त्यालाबी कुठंतरी अर्ज करायचा असंल की!”